वारा थांबवून पाहणारं गणित



मे महिना संपत आला की बचत गटांच्या बैठकीत एकच विषय असतो, खरिपाचं कर्ज. कुणाला सोयाबीनचं बियाणं घ्यायचं असतं, कुणाला खत, कुणाला ट्रॅक्टरचं भाडं द्यायचं असतं. त्याच सुमाराला बातम्यांमध्ये सांगतात की यंदा पाऊस सरासरीच्या अमुक टक्के पडणार. एखादी म्हणते, चला, पाऊस चांगला आहे, कर्ज घेऊन टाकू. दुसरी म्हणते, वेधशाळेचं काही खरं नसतं गं. या दोन्ही बोलण्यांत एक प्रश्न राहून जातो. हा अंदाज येतो कुठून? तो कोण काढतं आणि कशावरून काढतं?

आज मी त्याचाच इतिहास सांगणार आहे. या इतिहासाची सुरुवात आपल्या शेताच्या बांधावर होत नाही, समुद्रावर होते. आपल्या शेतात पडणारा पाऊस बराचसा हिंदी महासागर आणि अरबी समुद्रावरून वाऱ्यानं वाहून आणलेला असतो. म्हणून पावसाचा हिशोब करायचा, तर आधी समुद्रावरचे वारे आणि समुद्रातले प्रवाह यांचा हिशोब करावा लागतो. हा हिशोब ज्या गणितानं करतात त्याला हवामानाचं मॉडेल म्हणतात. नाव मोठं आहे, पण जिनं गटाची नोंदवही लिहिली आहे तिला ते समजायला जड जाणार नाही.

खलाशांना ‘कधी’ ते माहीत होतं

अरबी समुद्राची एक खासियत आहे. इथला वारा वर्षातून दोनदा दिशा पालटतो. जून ते सप्टेंबर तो नैर्ऋत्येकडून, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूनं आपल्याकडे येतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून, जमिनीवरून समुद्राकडे जातो.

ही गोष्ट खलाशांना दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होती. ‘पेरिप्लस’ नावाचं ग्रीक भाषेतलं एक जुनं पुस्तक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. त्यात या वाऱ्यांवर जहाजं हाकून इकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांची माहिती आहे. आपल्या सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचीही नावं त्यात आहेत. पुढे अरबी खलाशांनी या वाऱ्यांच्या ऋतूला ‘मौसिम’ म्हटलं. त्यावरून इंग्रजांचा ‘मान्सून’ झाला आणि आपले मोसमी वारेही त्याच शब्दातून आले. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. तेही याच वाऱ्याचं वेळापत्रक आहे.

म्हणजे वारा कधी पालटतो हे माहीत होतं. तो का पालटतो आणि एखाद्या वर्षी रुसतो का, हे मात्र माहीत नव्हतं. १६८६ साली एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञानं या वाऱ्यांचा नकाशा काढला. तोच हा हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे. त्यानं सांगितलं की जमीन आणि समुद्र कमीजास्त तापतात म्हणून वारा वाहतो. विचार बऱ्याच अंशी बरोबर होता. पण यंदा किती पाऊस पडेल, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं.

दुष्काळानं प्रश्न विचारायला लावला

आपल्या देशात या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो दुष्काळानं. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालापासूनची. पण १८६४ साली कोलकात्याला मोठं चक्रीवादळ झालं, त्यानंतर दुष्काळ पडले आणि १८७५ साली सरकारनं हवामान खातं काढलं. लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. त्यात आपल्या दख्खनमधली गावंच्या गावं ओस पडली. तेव्हा खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना पावसाचा अंदाज सांगायला सांगितलं गेलं. त्यांनी हिमालयातल्या बर्फाचा आधार घेतला. हिवाळ्यात बर्फ जास्त पडला तर पुढचा पाऊस कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. १८८६ सालापासून असा अंदाज नेमानं निघू लागला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते मूळचे गणिताचे. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि भारतीय कारकुनांकडून वर्षानुवर्षं त्यांची आकडेमोड करून घेतली. त्यातून एक मोठी गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो कमी होतो आणि इथे वाढला की तिथे कमी होतो. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. आपण आज ‘एल निनो’ हा शब्द ऐकतो, त्याचं एक टोक वॉकर यांच्या या आकडेमोडीत आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, आणि तेव्हापासून पावसाच्या अभ्यासात पुण्याचं नाव कायमचं जोडलं गेलं.

पण या पद्धतीत एक खोट होती. समजा, गटाची वही चाळताना तुमच्या लक्षात आलं की ज्या महिन्यात गावात लग्नं जास्त, त्या महिन्यात हप्ते थकतात. मग हप्ते लग्नांमुळे थकतात, असं म्हणायचं का? की त्या महिन्यात शेतात मजुरी नसते, म्हणून थकतात? नुसत्या दोन आकड्यांच्या सोबतीवरून हे कळत नाही. खात्री करायची तर तोच महिना लग्नांशिवाय पुन्हा घडवून बघावा लागेल. ते कसं शक्य आहे? गेलेला महिना परत येत नाही.

मात्र वहीत प्रत्येक घराची आवक-जावक लिहिलेली असेल, तर कागदावर ते करून बघता येतं. लग्नाचा खर्च खोडायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि हप्ता भरता आला असता का ते मोजायचं. मैत्रिणींनो, हवामानाचं मॉडेल नेमकं हेच करतं.

चौकोनांची वही

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज माणसानं. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची गाडी चालवायचा आणि फावल्या वेळात हिशोब करायचा. त्यानं नकाशावर चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात हवेचा दाब किती, उष्णता किती, ओलावा किती, वारा कुठून कुठे, हे लिहिलं. मग निसर्गाचे नियम लावून पुढच्या काही तासांत एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात काय जाईल, ते काढलं. गटात एकीचा हप्ता आला की तो दुसरीच्या कर्जात जातो आणि दोघींची शिल्लक बदलते, तसंच.

सहा तासांचा अंदाज हातानं काढायला त्याला साधारण सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं. तरीही त्यानं १९२२ साली सगळं पुस्तकात छापलं, चुकलेल्या उत्तरासकट. त्यानं हिशोब मांडला की जगाचं हवामान वेळेत मोजायचं तर ६४ हजार माणसं एका भव्य सभागृहात बसवून आकडेमोड करून घ्यावी लागेल. पुढे इतर संशोधकांनी त्याचं गणित तपासलं. तेव्हा कळलं की पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदी एकमेकींशी नीट जुळवलेल्या नव्हत्या. पहिल्याच पानावरची शिल्लक चुकली की पुढची सगळी वही चुकते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

६४ हजार माणसांचं काम पुढे यंत्रानं केलं. १९५० साली अमेरिकेत ‘एनियाक’ नावाच्या खोलीएवढ्या संगणकावर हवामानाचा पहिला अंदाज काढला गेला. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागले. या यंत्राला काम सांगणाऱ्या पहिल्या सहाही जणी स्त्रिया होत्या. हवामानाच्या त्या गणितात क्लारा फॉन नॉयमन या बाईंनी शास्त्रज्ञांना यंत्राची भाषा शिकवली आणि शेवटची मांडणी तपासून दिली. लेखावर मात्र तीन पुरुषांची नावं आली.

पण हे गणित होतं फक्त हवेचं. समुद्र त्यात नव्हता. आणि समुद्राशिवाय लांबचा हिशोब जुळत नाही. समुद्राच्या वरच्या तीन मीटर पाण्यात जवळजवळ तेवढी उष्णता मावते, जेवढी त्याच्या डोक्यावरच्या सगळ्या हवेत मावते. हवा दोन-चार दिवसांत सगळं विसरते. समुद्र महिनोन्महिने लक्षात ठेवतो. तापलेलं पाणी प्रवाह कुठे नेतो, त्यावर ढग कुठे तयार होणार ते ठरतं. ढग आणि वारा मिळून पुन्हा प्रवाह बदलतात. नणंद-भावजयीसारखं आहे ते, एकीला सोडून दुसरीचा विचार करता येत नाही.

१९६९ साली स्युकुरो मनाबे आणि कर्क ब्रायन या दोघांनी अमेरिकेत हवा आणि समुद्र यांची दोन गणितं एकत्र जोडली. मनाबे मूळचे जपानचे. त्यांच्या पहिल्या मॉडेलमध्ये खऱ्या जगाचा नकाशाही नव्हता. थोडी जमीन, थोडा समुद्र, असं कल्पनेतलं जग होतं. पण वाट सापडली. मनाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि ब्रायन यांच्या समुद्राच्या गणिताची पुढची आवृत्ती आज आपल्या देशात पावसाच्या हंगामाचा अंदाज काढायला वापरतात. त्याकडे आपण येऊच.

आपल्या समुद्राची पानं कोरी होती

गणित तयार झालं, पण नोंदींचं काय? हिंदी महासागर हा जगातला सगळ्यात कमी मोजलेला महासागर होता. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून त्याची मोहीम काढली. चाळीसहून अधिक जहाजं निघाली. पाण्याची उष्णता, खारटपणा, प्रवाह, वारे, सगळं मोजलं गेलं. १९६३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झालं आणि तिथे या नोंदींसाठी संगणक आणला गेला. १९६२ मध्ये पुण्यात उष्ण प्रदेशाच्या हवामानाची संस्था सुरू झाली. तीच आजची आयआयटीएम. आणि १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, ती पुढे गोव्यात दोनापावला इथे नांदली.

याच काळातल्या एका बाईंचं नाव आपण लक्षात ठेवायला हवं, अ‍ॅना मणी. केरळच्या. १९४८ साली त्या पुण्याला हवामान खात्यात आल्या. तेव्हा दाब, वारा, पाऊस मोजण्याची साधनं परदेशातून यायची. त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले आणि ती इथेच तयार होऊ लागली. चुकीचं माप हे माप नसण्यापेक्षा वाईट, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी देशभर वाऱ्याच्या वेगाचीही मोजणी करवली. आज डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, त्यांच्यामागे अशा मोजण्या आहेत.

पर्वत काढून पाहिला, वारा थांबवून पाहिला

आता गणितही आलं आणि नोंदीही आल्या. मग शास्त्रज्ञांनी समुद्राला ‘असं नसतं तर काय झालं असतं’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. याची तीन उदाहरणं सांगते.

पहिलं हिमालयाचं. १९७५ साली मनाबे आणि डग्लस हान यांनी मॉडेलमधून पर्वतच काढून टाकले आणि जग पुन्हा चालवून पाहिलं. पर्वत नसताना मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा आपल्या देशावर नीट सरकलाच नाही. हिमालय नसता तर आपला पावसाळा असा नसता, हे नुसतं म्हणणं नव्हे, मोजून पाहिलेली गोष्ट झाली.

दुसरं सोमालियाच्या वाऱ्याचं. १९६० च्या दशकात फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं दाखवलं की पावसाळ्यात केनिया-सोमालियाच्या बाजूनं, जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर, एक अरुंद आणि जोरदार वारा वाहतो. तोच अरबी समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत येतो. मग मॉडेलनी दाखवलं की आफ्रिकेच्या पूर्वेचे डोंगर त्याला पाटाच्या बांधासारखे अडवतात, म्हणून तो पसरत नाही, एका धारेत वाहतो. याच वाऱ्यानं सोमालियाच्या किनाऱ्याचा समुद्रप्रवाह दर वर्षी उलटा फिरतो. पावसाळ्यात उत्तरेकडे, हिवाळ्यात दक्षिणेकडे. तिथलं खालचं थंड पाणी वर येतं. जूननंतर उत्तर गोलार्धातले इतर समुद्र तापत असतात, तेव्हा आपला अरबी समुद्र गार होत असतो, त्याचं एक कारण हे.

तिसरं उदाहरण आपल्या दारातलं, कोकणचं. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वारा साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. मग पाणीही तिकडेच वाहायला हवं ना? गोव्याच्या संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तर उलटंच. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे, वाऱ्याच्या विरुद्ध जातो. मग त्याला ढकलतं कोण?

इथे मॉडेल कामी आलं. १९९० च्या दशकात संशोधकांनी समुद्राच्या गणितात वेगवेगळ्या भागांवरचा वारा एकेक करून थांबवून पाहिला. आणि दिसलं की आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रवाहाचा बराच जोर बंगालच्या उपसागराकडून येतो. तिकडच्या वाऱ्यानं किनाऱ्याच्या पाण्याला धक्का बसतो. तो धक्का लाटेसारखा किनारा धरून सरकतो, श्रीलंकेला वळसा घालतो, केरळ आणि गोवा ओलांडून कोकणात पोचतो. दिवसाला साधारण २०० किलोमीटर. ही लाट डोळ्यांना दिसत नाही. वरचं पाणी काही सेंटीमीटरच हलतं, पण खालचं गार पाणी मात्र बरंच वर-खाली होतं.

बांगडा आणि तारली विकणाऱ्या बाईचा या सगळ्याशी संबंध आहे. पावसाळ्यात केरळ ते गोवा या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं. त्यात शेतातल्या खतासारखी द्रव्यं असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासळी पोसते. पण या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते किनाऱ्याजवळ फार वर आलं तर मासळी निघून जाते. म्हणजे मुरूडच्या बाजारात टोपलीत काय येणार, हे कधी कधी हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या वाऱ्यानं ठरतं. हे कुठल्याही एका बंदरावर उभं राहून कळणारं नव्हतं.

दोन वर्षं, दोन धडे

आता पावसाकडे येते. १९९७ साली प्रशांत महासागरात फार जोराचा एल निनो होता. सगळ्यांना वाटलं, दुष्काळ पडणार. पण देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. पुढे २००२ साली एल निनो त्या मानानं सौम्य होता आणि अंदाज होता चांगल्या पावसाचा. प्रत्यक्षात जुलै महिन्यात देशात जेमतेम निम्मा पाऊस पडला आणि सबंध हंगामाची तूट १९ टक्के झाली. ज्यांनी त्या वर्षी कर्ज काढून पेरलं, त्यांनी ते पुढे किती वर्षं फेडलं असेल, याचा विचार करा.

वहीत कुठला रकाना राहिला होता? १९९९ साली भारतीय आणि जपानी संशोधकांनी हिंदी महासागराचाच एक सी-सॉ दाखवून दिला. काही वर्षी आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापतं आणि इंडोनेशियाकडचं गार होतं. काही वर्षी त्याच्या उलट. आफ्रिकेची बाजू तापली की साधारणपणे आपल्या पावसाला मदत होते. १९९७ साली तसंच होतं.

याच कोड्यावर काम केलं पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी. त्यांनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात समुद्राच्या प्रवाहाच्या गणितावर पीएचडी केली. १९७१ च्या सुमाराला त्या परत आल्या, आधी पुण्याच्या संस्थेत आणि मग बंगळूरला. १९८० साली डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की मान्सूनचा ढगांचा पट्टा समुद्रावरून टप्प्याटप्प्यानं उत्तरेला जमिनीवर सरकतो. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सांगितलं की एल निनोबरोबर हिंदी महासागराच्या विषुववृत्तावरचा वाराही बघायला हवा. १९९७ साली एल निनो विरोधात होता, पण हा वारा बाजूनं होता. २००२ साली दोन्ही विरोधात गेले.

या बाई फक्त कागदावर थांबल्या नाहीत. कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांशी त्या बोलत, त्यांना कुठला प्रश्न पडतो ते विचारत आणि पेरणी कधी केली तर धोका कमी, याचा हिशोब जुन्या पावसाच्या नोंदींवरून मांडत. २०२५ साली त्या गेल्या.

२०१२ साली केंद्र सरकारनं ‘मान्सून मिशन’ सुरू केलं. हवा आणि समुद्र एकत्र जोडलेलं एक अमेरिकन मॉडेल पुण्याच्या आयआयटीएमनं आपल्या मान्सूनसाठी घडवलं. त्यात समुद्राचा जो भाग आहे, तो त्या कर्क ब्रायन यांच्या गणिताचा वंशज. त्यासाठी पुण्यात ‘प्रत्यूष’ हा महासंगणक २०१८ साली आला आणि २०२४ साली ‘अर्क’. रिचर्डसनच्या सभागृहातल्या ६४ हजार माणसांची जागा आता या यंत्रांनी घेतली आहे.

म्हणून आता अंदाज चुकत नाही का? चुकतो. २०१९ साली एप्रिलमध्ये अंदाज होता ९६ टक्क्यांचा. जून कोरडा गेला, देशात ३३ टक्के तूट. नंतर हिंदी महासागराच्या त्या सी-सॉनं मोठी उसळी घेतली आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली होतं.

आपल्या गटानं याचं काय करायचं?

मॉडेलमध्ये चौकोन असतात, हे तुम्ही ऐकलंत. हंगामाच्या अंदाजाच्या मॉडेलमध्ये एक चौकोन साधारण ३८ किलोमीटरचा. रोजच्या हवामानासाठी २०२५ साली आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये तो ६ किलोमीटरचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि खाली वाईला त्याचा लहानसा वाटा. मोठ्या चौकोनात ही दोन्ही गावं एकाच पानावर येतात. शिवाय सुरुवातीच्या नोंदीत जराशी चूक असली तरी पुढे ती वाढत जाते. म्हणून शास्त्रज्ञ तेच गणित थोडी थोडी सुरुवात बदलून पुन्हा पुन्हा करतात. दहापैकी सात वेळा चांगला पाऊस आला, तर ते म्हणतात शक्यता जास्त. उरलेले तीन खोटे नसतात. तेही घडू शकतात.

म्हणून तीन गोष्टी बैठकीत बोला.

एक, एप्रिल-मेमधला टक्क्यांचा अंदाज सगळ्या देशाच्या चार महिन्यांचा असतो. आपल्या शिवाराचा नसतो. त्याच्या भरवशावर कर्जाची सगळी रक्कम एकदम उचलू नका. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. पेरणीचा विचार त्यावर आणि जवळच्या चार-पाच दिवसांच्या अंदाजावर करा.

दोन, मृगाचा पहिला शिडकावा झाला की पेरायची घाई होते. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. दुबार पेरणीचं कर्ज हे सगळ्यात महाग कर्ज असतं, कारण ते फेडायला पीक एकच असतं. गटाच्या शिलकीतून थोडी रक्कम दुबार पेरणीसाठी राखून ठेवण्याचा ठराव मे महिन्यातच करून ठेवा.

तीन, नोंद करा. एक साधं पर्जन्यमापक गटात घ्या, ते मोकळ्या जागी लावा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी मिलिमीटर लिहा. पाच वर्षांनी तुमच्याकडे तुमच्या गावाची जी वही असेल, ती कुठल्याही महासंगणकाकडे नसेल. वॉकरचे कारकून, अ‍ॅना मणी, समुद्रावरची ती चाळीस जहाजं, सगळ्यांनी मूळ काम हेच केलं. रोज मोजलं, खरं लिहिलं आणि रिकामा रकाना रिकामाच ठेवला, मनानं भरला नाही.

जूनच्या पहिल्या बैठकीत कर्जाच्या अर्जांबरोबर हाही विषय घ्या. पावसाची वही कुणाकडे राहील आणि ती बाहेरगावी गेली तर कोण लिहील, ही दोन नावं ठरवूनच उठा.